सोळा पॉइंट सात ग्रॅम मीठ

गल्लीत तिला सगळे फूटपट्टी म्हणत. लहानपणी आईने कलिंगड कापलं की ही कंपासपेटीतली पट्टी घेऊन यायची आणि दादाची फोड मोठी नाही ना, याची खात्री करून मगच तोंड उघडायची. अशा मुलीने चष्म्याच्या काचा घासायचं काम शिकावं, यात नवल नव्हतं. नवल हे, की तिचं काम बघून परदेशातल्या एका कारखान्याने तिला बोलावून घेतलं. तीन महिने बघू, म्हणाले. जमलं तर कायम, नाही जमलं तर परतीचं तिकीट.

अर्जात 'आवड' असा एक रकाना होता. 'मोजणं' असं लिहायची तिला लाज वाटली. शेजारच्या कुणा शहाण्याने सुचवलं, "अगं, स्वयंपाक लिही. वजन पडतं." तो शहाणा कोण, याची चौकशी आता करू नये. पोरीने लिहून टाकलं. चहाचं भांडं करपवणारी पोर ही! तिची आई ब्लाउज शिवायची, आणि स्वयंपाकघरात लेकीला फिरकू देत नसे. "तुझं मोजून होईस्तोवर घर उपाशी मरेल," म्हणायची.

तिकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी ती 'आवड' अंगाशी आली. कारखान्याच्या मागच्या खोलीत एक शेगडी, एक लांब टेबल आणि दारावर यादी. दर शुक्रवारी दुपारी एकाने सगळ्यांसाठी रांधायचं, अशी तिथली रीत. बारा नावं शाईने लिहिलेली. तेरावं हिचं, पेन्सिलने. बोट ठेवून तिने शुक्रवार मोजले. तेरावा शुक्रवार म्हणजे तीन महिन्यांचा शेवटचा दिवस!

"तुझी तर आवडच आहे म्हणे," फोरमन म्हणाला. पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. "आम्ही वाट बघतोय."

झालं. तेव्हापासून तिला घास गोड लागेना. एका शुक्रवारी काचेच्या भट्टीवाल्याने अख्खा मासा वाढला, डोळ्यांसकट. तो आपल्याकडेच बघतोय असं वाटून तिने त्याच्यावर पावाचा तुकडा पांघरला. पाचव्या शुक्रवारी पॉलिशवाल्या उंच बाईंनी सूप केलं. ते गार होतं. बिचारीला वाटलं, आपल्यापर्यंत येता येता निवलं असेल. ती वाटी घेऊन उठली आणि गरम करून आली. टेबलावरचे सगळे चमचे थांबले. ते सूप गारच प्यायचं असतं, हे तिला संध्याकाळी कळलं. त्या रात्री तिने सूटकेसचं कुलूप दोनदा तपासलं. जायची वेळ आलीच, तर ते अडायला नको.

आणखी एक गोष्ट तिला खायला उठायची. ही माणसं जेवताना बोलत नसत. "छान झालंय" नाही, "अजून वाढ" नाही. तिच्या घरी बाबा गप्प जेवले की समजायचं, आज काहीतरी बिघडलंय. इथे तर बाराजण गप्प!

अकराव्या आठवड्यात तिने आईला फोन लावला.

"आई, बटाट्याचा रस्सा सांग. मीठ किती?"

"अंदाजाने."

"अंदाज म्हणजे किती ग्रॅम?"

"बाई माझे, चिमूटभर गं! पाच बोटांची. हाताला कळतं ते."

"तुझ्या हाताला कळतं. माझा हात वेगळा आहे ना! ब्लाउज शिवताना टेप लावतेस की नाही?"

"ब्लाउज उसवता येतो. रस्सा येतो का?"

यावर लेकीला रडू कोसळलं. मग आई बिचारी काय करणार? मिठाची बरणी काखेत मारून थेट सोनाराच्या दुकानात. फोन चालूच.

"भाऊ, माझी चिमूट जोखून द्या."

"ताई, हे सोन्याचं दुकान आहे."

"माझी लेक सोन्यासारखीच आहे. जोखा."

पहिली चिमूट भरली दोन पॉइंट चार ग्रॅम. दुसरी तीन पॉइंट एक. तिसरी दोन पॉइंट दोन.

"ताई, सोन्यात एवढी तफावत निघाली असती तर गिऱ्हाइकांनी मला धरून बदडलं असतं," सोनार म्हणाला.

फूटपट्टीने सरासरी काढली. दोघांच्या रश्शाला एक चिमूट, मग तेराजणांना साडेसहा. उत्तर आलं सोळा पॉइंट सात ग्रॅम. तेराव्या शुक्रवारी सकाळी तिने कारखान्याच्या काट्यावर तेवढं मीठ जोखलं, काचा पुसायच्या पातळ कागदात त्याची पुडी बांधली आणि एप्रनच्या खिशात ठेवली.

बटाटे चिरले, एकसारखे. तुम्ही पट्टी लावून बघा. कांदा चिरताना डोळ्यांना धार लागली. पॉलिशवाल्या बाई डोकावल्या. "रडतेस?"

"कांदा आहे."

"कांदा तर कधीचा चिरून झालाय."

तेवढ्यात फोरमन आला, पातेल्यात बघून "हं" म्हणाला आणि निघून गेला. या "हं"चा अर्थ लावण्यात भाताला वाफ आली, रस्सा उकळला, आणि वाढायची वेळ झाली.

बाराजण जेवले. गप्प. भट्टीवाल्याने एकदा वर पाहिलं, पुन्हा खाली. तिने स्वतःचा पहिला घास घेतला. हात खिशात गेला. पुडी तशीच होती.

फोरमन उठला, दारावरची यादी काढली आणि नवा कागद लावून शाईने नावं लिहू लागला. एक, दोन, तीन... ती मोजत होती. दहा. अकरा. बारा. पेन थांबलं.

"रस्सा कुणी शिकवला?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"आईने."

"आई मीठ घालते?"

टेबलावर हशा पिकला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तिने पुडी पुढे केली. "मोजून ठेवलं होतं. सोळा पॉइंट सात ग्रॅम."

फोरमनने पुडी घेतली, तडक काट्याकडे गेला आणि मीठ पारड्यात ओतलं. सगळे मागोमाग. आकडा नाचला आणि स्थिरावला. सोळा पॉइंट सात.

म्हाताऱ्याने मिशीवरून बोट फिरवलं. "स्वयंपाकीणबाई मला नकोच होती," तो म्हणाला. मग परत येऊन त्याने तेरावं नाव लिहिलं. शाईने.

हायसं वाटायला तिला अर्धं मिनिट मिळालं. मग ध्यानात आलं, नव्या यादीत तेरावं नाव म्हणजे तेरा शुक्रवारांनी पुन्हा आपणच, आणि आता हे लोक मीठ शोधत जेवणार.

"मीठच विसरलीस?" फोनवर आई किंचाळली. "गल्लीत कुणाला कळू देऊ नकोस!"

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. कुणी केलं, ते जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सोनाराने दुकान उघडलं, तर पायरीवर ताई उभ्या. काखेत डबा, कानाला फोन.

"आता काय, ताई?"

"हळद."