मावशीचं इंजिन आणि काकांची हवा

माझी मावशी वर्षभर शाळेची बस चालवायची आणि वर्षातून एकदा घाटाच्या शर्यतीत उतरायची. बस इतकी सावकाश, की मुलं उतरून चालत जायची धमकी द्यायची. शर्यतीची गाडी जुनी, दोन दारांची. इंजिन आपल्याच दमानं हवा ओढणारं. मावशी काट्याकडे बघत नसे. इंजिनाचा सूर चढत टिपेला पोचला, की गिअर बदलायची. दरवर्षी चौथी नाहीतर पाचवी यायची आणि समाधानानं जेवायची.

काकांचं गाद्यांचं दुकान. गाडीची डागडुजीही त्यांच्याकडेच. मावशीचा चौथा नंबर त्यांच्या जिव्हारी लागायचा. एका वर्षी त्यांनी तिला न विचारता सुपरचार्जर बसवला. म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंखा. तो इंजिनात बळंच जादा हवा कोंबतो, जादा पेट्रोल जळतं आणि ताकद वाढते.

मावशीला हे शर्यतीच्या सकाळी कळलं.

"बॉनेटमधून शिट्टी कसली येतेय?"

"लग्नाच्या वाढदिवसाची भेट."

"तो गेल्या महिन्यात झाला."

"बसवायला वेळ लागला."

गाडी बाणासारखी वर गेली. मावशी पहिली आली. परतताना करंडक मांडीवर घेऊन ती अशी बसली होती, जणू कुणीतरी आपलं पोर तिच्याकडे सोपवून गेलंय.

"जिंकलीस ना? मग तोंड का पाडलंस?" काकांनी विचारलं.

"इंजिन ऐकूच आलं नाही हो. नुसती शिट्टी. मी आपली चाक धरून बसले होते."

"अगं, पण पहिली आलीस!"

"दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायले. काढा ते."

काकांनी आधी अबोला धरला, मग सुपरचार्जर काढला. पण टाकून देववेना. दुकानाच्या व्हॅनचं इंजिन मावशीच्या गाडीच्याच जातीचं होतं, म्हणून तो व्हॅनला बसला. पहिल्याच फेरीला पुलाच्या चढावर व्हॅननं अशी उसळी घेतली, की मागचं दार उघडून डबलबेडची गादी रस्त्यावर पडली. मागचा सायकलवाला तिच्यावर उताणा. काका धावत गेले. तो पडल्या पडल्या म्हणाला, "कापूस चांगला आहे." त्यानं तीच गादी विकत घेतली.

पुढच्या शर्यतीत मावशी पुन्हा चौथी आली आणि घाटभर इंजिन कसं गात होतं ते सगळ्यांना सांगत सुटली. त्या वर्षी काकांनीही नाव दिलं होतं, व्हॅनसकट. आयोजकांनी बाजूला जाऊन खल केला आणि सुपरचार्जरवाल्या मालवाहू गाड्यांचा स्वतंत्र गट काढला. त्यात काका एकटेच. ते पहिले आले. शेवटचेही तेच आले.

काकांचा करंडक आता दुकानाच्या काचेत, दोन उशांच्या मधे असतो. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "चुरशीची झाली का हो शर्यत?"

"शेवटपर्यंत काही सांगता येत नव्हतं," काका म्हणाले.

मावशी शेजारीच उशीला अभ्रा घालत होती. तिनं मान वर केली नाही.