दत्तप्रसादांनी निबंध पाठ केला

शारजाच्या एका कंपनीत समुद्राचं पाणी गोडं करतात. तिथल्या प्रयोगशाळेत दत्तप्रसाद खानोलकर एकवीस वर्षं पाणी तपासत होते. नव्या मॅनेजर जैनब मॅडमनी फर्मान काढलं: दर गुरुवारी एकेकाने रसायनशास्त्रातला ताजा शोधनिबंध समजावून सांगायचा. ज्याला जमणार नाही, त्याची बदली गोदामात.

दत्तप्रसादांना गोदामाच्या नुसत्या नावानेच घाम फुटला. त्यांच्या वाट्याला चौदा पानं आली: खारं पाणी गाळणारा नवा पडदा, म्हणे त्यावर क्षार धरतच नाहीत. तीनदा वाचूनही डोक्यात काडीचा प्रकाश पडेना. मग त्यांनी बीएस्सीला फर्स्ट क्लास मिळवून देणारं हुकमी अस्त्र काढलं. घोकंपट्टी!

अल नहदाच्या फ्लॅटमध्ये ते येरझारा घालत म्हणायचे आणि पत्नी प्रमिलाबाई पानं हातात धरून तपासायच्या.

"अहो, एक 'अँड' खाल्लात."

मुलगी अवनी वैतागली. "बाबा, बट व्हॉट डझ इट मीन?"

"अर्थाचं नंतर बघू. आधी पाठ तर होऊ दे!"

गुरुवारी त्यांनी अकरा मिनिटांत सगळं धडाधड ओकलं. लेखकांनी आपल्या सासूबाईंचे मानलेले आभारसुद्धा सोडले नाहीत. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मुनीर तोंडावर फाइल धरून हसत होता.

जैनब मॅडमनी विचारलं, "खानोलकरजी, ये मेम्ब्रेन अपने यहाँ चलेगा?"

हे कुठल्याच पानावर नव्हतं. पाठांतराची खोडच अशी की, एकोणतिसाचा पाढा मधेच विचारला तर भलेभले एकोणतीस एके एकोणतीसवर जातात. दत्तप्रसादांनीही निमूटपणे पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदात 'लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ' आलं आणि ते थबकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं बोलणं ऐकलं होतं.

"एक मिनिट मॅडम! पैंतीस? ये तो फीका पानी है! अपने समंदर का मैं हर हफ्ते नापता हूँ, पैंतालीस के नीचे आता नहीं. इन लोगों ने अपने जैसा पानी देखा ही नहीं. पहले अपने पानी में ट्रायल, फिर ऑर्डर!"

त्यांनी मार्कर उचलला. मोडक्या हिंदीत वीस मिनिटं फळ्यावर रेघोट्या मारत ते बोलत राहिले, आणि मुनीर त्याच फाइलवर टिपणं घेऊ लागला.

"गोदाम की बात खलास," मॅडम म्हणाल्या. "ट्रायल आप ही करेंगे."

घरी प्रमिलाबाई दारातच उभ्या. "सगळं आठवलं ना?"

"सगळं! पण दुसऱ्यांदा म्हणताना मधेच अडलो," दत्तप्रसाद छाती फुगवून म्हणाले, "आणि मग समजलं."