दोन पावलं मागे

कॉलेजच्या मैदानावर मी सकाळी फिरायला जातो. परवा तिथे बेसबॉलचे जुने प्रशिक्षक सावंत सर दिसले. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते पहिल्यांदाच चेंडू टाकत होते. समोर त्यांची मुलगी मेघना हातमोजा घालून बसली होती. पहिले तीनही चेंडू तिच्या अलीकडेच पडले. ती दोन पावलं पुढे सरकून बसली.

"मागे हो," सर म्हणाले.

"बाबा, आजचा दिवस राहू दे ना."

"मागे हो गं. हातातला वेग गेलाय, म्हणून चेंडू खाली पडतोय. जरा आधी, जरा वर सोडला की पोचेल."

ती मागे गेली. चेंडू सावकाश उंच चढला, कलला आणि तिच्या हातमोज्यात अलगद बसला. दुखरा खांदा धरून सर हसले.

घरी येताना मला आईचा विचार सोडेना. पक्षाघातानंतर ती एकेक शब्द जुळवत बोलते आणि मी तिचं प्रत्येक वाक्य मध्येच पुरं करून टाकतो. त्यालाच मी माया समजत होतो.

दारातच तिने हाक मारली. "ते... ते..."

चहा हवा असेल म्हणून मी सवयीने वळलो होतो. तसाच थांबलो आणि तिच्यासमोर खाली बसलो. तिचे ओठ बराच वेळ हलत राहिले.

"ते... तेल आण," ती म्हणाली. "गुडघा... दुखतो ना तुझा. चोळून देते."