मामीच्या क्वार्टरची खिडकी

कुणी देवाला घाबरतं, कुणी बायकोला. माझे धाकटे मामा फक्त चुकीच्या खिडकीला घाबरायचे. मुलुंडच्या जुन्या सोसायटीत तळमजल्यावर त्यांचं घर आणि मागच्या वीतभर बागेत त्यांची रेल्वे. अळू नि कढीपत्त्यामधून छोटंसं इंजिन डबे ओढत फिरायचं. त्या इंजिनाचं मामांना काडीचं कौतुक नव्हतं. रुळांकडेला त्यांनी बांधलेली बुटकी स्टेशनं, गोदामं आणि त्यांच्या खिडक्या, तिथे त्यांचा सगळा जीव. "गाडी काय, विकत मिळते रे. खिडकी मिळत नाय," म्हणायचे.

खिडकी निवडायची म्हणजे मुलीला स्थळ बघायच्या वर थाट. स्टेशनमास्तरांच्या खोलीला गजच हवेत, गोदामाला जाळीच. आइस्क्रीमच्या काड्यांच्या चौकटी पावसात फुगल्या, तेव्हा घरातल्या प्लास्टिकच्या फायली कापल्या गेल्या. काचेसाठी औषधाच्या गोळ्यांचं पारदर्शक पाकीट. मी तापाने फणफणलो होतो, तर भेटायला येऊन यांचा पहिला प्रश्न, "पाकीट फेकलं नाहीस ना?" घाटकोपरला एका लग्नात अक्षता टाकायच्या सोडून साहेब खुर्चीवर चढून हॉलच्या खिडकीचं माप घेत होते! मामीला कुठे तोंड लपवू असं झालं.

मामीचे वडील रेल्वेत होते, तिचं लहानपण कुर्ल्याच्या क्वार्टरमध्ये गेलं. मामांनी तिच्यासाठी ते क्वार्टर बागेत बांधायला घेतलं. भिंती झाल्या, कौलं चढली, गाडं अडलं स्वयंपाकघराच्या खिडकीशी. संध्याकाळच्या चहाला मामा नवी खिडकी तिच्यापुढे ठेवायचे. मामी चष्मा चढवून बघायची आणि म्हणायची, "ही नव्हे. आमची जरा रुंद होती." मग मामा कानस घेऊन भिंतीतली जागा रुंद करायचे. पुढल्या खेपेला ती म्हणायची, "उंच होती हो थोडी. आई तिथे लोणच्याची बरणी ठेवायची." की पुन्हा कानस. हे वर्षानुवर्षं चाललं.

"मामा, बसवा ना कुठलीतरी," मी वैतागून म्हणायचो.

"अरे मेल्या, हिच्या माहेरची खिडकी ती. अंदाजपंचे कशी बसवू?"

मग सोसायटी पुनर्विकासाला गेली. बाग जाणार हे कळल्यावर मामांनी एकच धोशा लावला, घर सोडायच्या आत मामीची खिडकी बसली पाहिजे. ती बसली नाही. घर सोडायच्या आत मामाच गेले.

सामान बांधायला मी गेलो, तेव्हा ते क्वार्टर बागेतून उचलून टेबलावर आणलेलं होतं. मामीने बिस्किटांचा डबा उघडला. आत सगळ्या नापास खिडक्या. तळाशी हात घालून तिने एक हिरवी खिडकी काढली.

"ही पहिली. हीच होती रे आमची, अगदी हुबेहूब."

"अगं, मग 'ही नव्हे' असं का म्हणालीस?"

"हो म्हटलं असतं तर लागले असते पुढच्या स्टेशनाला. मग रोज समोर बसून माझ्या आईच्या स्वयंपाकघराबद्दल मला कोण विचारणार होतं?"

मी चौकटीला गोंद लावला आणि खिडकी भिंतीत बसवायला गेलो. ती सरळ आत पडली. घासून घासून जागा केव्हाच मोठी झाली होती.

मामीने ती बोटाने बाहेर काढली, पदराला पुसली आणि भिंतीतल्या त्या भोकाकडे बघत राहिली.

"बघ," ती म्हणाली, "अजून एक करायला लागली असती त्यांना."