पोटातली हजेरी

हरिश्चंद्र देवरुखकर यांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आणि त्यातली एकवीस वर्षं खात्याचं हजेरीबुक त्यांच्या ताब्यात होतं. त्या एकवीस वर्षांत त्यांच्या खात्यात एकही माणूस गैरहजर राहिला नाही. माणसं मेहुणीच्या लग्नाला गेली, गावी भात लावायला गेली, एक जण तर कावीळ होऊन दीड महिना अंथरुणाला खिळला होता. पण हजेरीबुकात सगळे जागच्या जागी. रिकामा रकाना देवरुखकरांना बघवत नसे. मग ते शनिवारी निघण्याआधी सोमवारचेही रकाने भरून मोकळे व्हायचे. याला ते लबाडी म्हणत नसत, माणुसकी म्हणत. हरिश्चंद्र असं नाव ठेवताना आईवडिलांनी काय विचार केला होता, हे विचारायला आता दोघंही हयात नाहीत.

निवृत्त झाल्यावर गिरगावातली खोली विकून त्यांनी भाईंदर पूर्वेला इंद्रलोक वसाहतीत चौथ्या मजल्यावर ऐसपैस घर घेतलं. घर मोठं झालं आणि काम संपलं. दूधवाल्याने पिशवी किती वाजता टाकली आणि लिफ्ट आठवड्यातून कितीदा बंद पडली याच्या नोंदी ठेवून माणूस किती दिवस काढणार? अशात दोन हजार सहा साली सून रसिका गरोदर राहिली आणि देवरुखकरांना पुन्हा खातं मिळालं.

पहिले पाच महिने ते गप्प होते, कारण ओकाऱ्यांना काही शिस्त लावता येत नाही. सहाव्या महिन्यात मात्र त्यांनी स्टेशनबाहेरच्या पुस्तकवाल्याकडून गरोदरपणावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास पोटातल्या बाळाला आवाज ऐकू येऊ लागतो. ते वाचून देवरुखकर खुर्चीतून उठलेच.

"म्हणजे ते तिकडे ऐकतंय, आणि आपण नुसते बसलोय?" ते बायकोला म्हणाले.

"मग काय करायचं? उभं राहायचं?" वासंतीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. सकाळी साडेआठला स्तोत्र, अकराला पाढे, चारला इंग्रजी, सातला उजळणी. स्तोत्र आणि पाढे देवरुखकरांनी स्वतःच्या आवाजात टेपरेकॉर्डरवर भरले होते. सासऱ्याने सुनेच्या जवळ बसायचं नाही, म्हणून टेप पलंगाशेजारच्या स्टुलावर आणि सासरा दारातल्या खुर्चीत. वासंतीबाईंनी सुनेच्या पोटावर हात ठेवायचा, बाळ हललं की "हललं" म्हणायचं आणि देवरुखकरांनी वहीत खूण करायची. वही लांब, आखीव. तारीख, वेळ, विषय, हालचाल असे चार रकाने. वर विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी 'चि.' लिहून पुढे जागा सोडलेली. 'कु.' असंही असू शकतं, हे त्यांना कुणी सुचवलं नाही आणि त्यांनाही सुचलं नाही.

यातली गंमत अशी की रसिका स्वतः मीरा रोडच्या एका शाळेत गणित शिकवत होती. मे महिन्याची सुट्टी म्हणून घरी होती. जन्माला आलेल्या मुलांच्या डोक्यात सातचा पाढा घालताना तिच्या नाकी नऊ यायचे, आणि इथे न जन्मलेल्याला सतराचा चालला होता. पण तिला कुणी विचारलं नाही. तिच्या पोटाने बेंबीची हद्द ओलांडली होती, पोटावर मधोमध काळसर रेघ उमटली होती, जेवल्यावर छातीत जळजळ व्हायची आणि झोपेत पोटऱ्यांमध्ये गोळे यायचे. पाढा चालू असताना निदान आडवं पडायला मिळतं, एवढ्यावर ती समाधान मानत होती.

विद्यार्थी मात्र पहिल्या दिवसापासून उनाड निघाला. धडा सुरू झाला की गाढ झोप. टेप बंद झाला, रसिकाने आंब्याची फोड तोंडात टाकली, की आत कोलांट्या सुरू. कधी उचकी लागायची आणि पोटाला बारीक हिसके बसायचे. सगळ्यात जास्त बाळ उसळायचं ते सकाळी दहाच्या आसपास, उत्तनहून मासळी घेऊन येणारी आयडाबाय बिल्डिंगखाली ओरडली की. "मांदेली हाय! बोंबील हाय! ताजं हाय गो!" अशी हाळी आली की रसिका पोटाला हात लावून हसायची. देवरुखकर उठून खिडकी लावून घ्यायचे. आपल्या आवाजातल्या स्तोत्राला नातवाने पाठ दाखवावी आणि बोंबलाला लाथ मारून दाद द्यावी, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

त्यातून त्यांनी एक चूक करून ठेवली होती. जेसल पार्कला खाडीच्या बाजूला संध्याकाळी निवृत्त मंडळींचा कट्टा भरायचा. तिथे बोलता बोलता ते म्हणून गेले, की नातू सतराच्या पाढ्याला आला आहे.

"अरे हरिशभाई, पेट में सत्रह का पहाडा?" शेजारच्या घरातले शहाकाका थक्क झाले. "मेरा पोता तीसरी में है, उसको नौ का नहीं आता!"

"हर पाढ्याला लाथ मारतो. मेरे पास लिखित में है," देवरुखकर म्हणाले.

एकदा लेखी आहे म्हटल्यावर लेखी असायला हवं. वासंतीबाईंचा हात सुनेच्या पोटावर असायचा, पण डोळे टीव्हीवरच्या मालिकेत. "हललं का?" विचारलं की त्या तिकडची नजर न काढता "हो हो" म्हणायच्या. काही दिवसांनी देवरुखकरांनी विचारणंही सोडलं. हात आपोआप चालू लागला. स्तोत्राला चार, पाढ्याला पाच, उजळणीला सहा. आणि जुनी सवय ती जुनीच, शनिवारी संध्याकाळी त्यांनी रविवारचेही रकाने भरून ठेवले.

त्या शनिवारी रसिकाचं डोकं दुखत होतं. पाय आधीपासून सुजत होते, पण रविवारी सकाळी उठली तेव्हा बोटंही फुगलेली. अंगठी साबण लावूनही निघेना. नवरा पराग कंपनीच्या कामाला नाशिकला गेलेला. देवरुखकरांनी पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "या दिवसांत पायांवर थोडी सूज येणे स्वाभाविक आहे, घाबरून जाऊ नये." त्याच्या पुढचं वाक्य पान उलटल्यावर होतं. देवरुखकरांनी पान उलटलं नाही.

तरीही रसिकाने डॉक्टरीणबाईंच्या घरी फोन लावला. "मॅडम, सूज जास्त वाटतेय," तिने सुरुवात केली. पलीकडून बाळाच्या हालचालीबद्दल विचारलं असावं, कारण ती अडखळली. "हालचाल... मला नीट कळत नाहीये."

सूनबाईंना नीट सांगता येत नाहीये असं पाहून देवरुखकरांनी फोन हातात घेतला.

"नमस्कार मॅडम, मी सासरा बोलतोय. पाय जरा सुजलेत, उन्हाळाच तसा आहे. हालचालीची काळजी नको, आपल्याकडे लेखी नोंद आहे. काल संध्याकाळी सहा वेळा. आज स्तोत्राला चार, पाढ्याला पाच."

इतका नेटका पालक डॉक्टरीणबाईंना क्वचितच भेटला असेल. हालचाल चांगली आहे तर आज डाव्या कुशीवर झोपवा, उद्या सकाळी नऊला घेऊन या, असं त्या म्हणाल्या. डोकेदुखीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. देवरुखकरांनी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेने वही मिटली.

थोड्या वेळाने आयडाबाय टोपली घेऊन दारात आली. वासंतीबाईंना मांदेली हवी होती. घासाघीस सुरू होणार तोच आयडाबायची नजर आत पलंगावर गेली आणि ती टोपली ठेवून सरळ आत शिरली. देवरुखकर "अहो, अहो" करत राहिले.

"तोंड बगा पोरीचं," ती म्हणाली. "पायाची सूज आमी बी काढली, तोंडाची न्हाय. डोकं दुकतंय का गो? डोल्यापुढं काय चमकतंय?"

"कालपासून. चांदण्या दिसतात," रसिका म्हणाली.

"माज्या भयनीचं असंच झालं. मंग ती बी गेली नि पोर बी." आयडाबायने रसिकाचा हात हातात घेतला. "पोर हलतंय का?"

देवरुखकर वही घेऊन पुढे झाले. "हे बघा बाई. सगळं लिहिलेलं आहे."

"मना वाचाया येत न्हाय. मी पोरीला इचारते."

रसिका उशीला टेकून उठून बसली. तिने वही ओढून घेतली, रविवारच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बाबा, अकराच्या पाढ्याला पाच वेळा हललं असं लिहिलंय. आत्ता दहाला दहा मिनिटं कमी आहेत."

वासंतीबाईंनी घड्याळ पाहिलं, वही पाहिली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"शेवटचं खरं कधी लिहिलंत?" रसिकाने विचारलं.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत साहेबासमोर कधी उच्चारला नव्हता तो शब्द सुनेसमोर बाहेर पडला. "या आठवड्यात मीच भरतोय. विचारत नव्हतो."

"मला काल दुपारपासून एकदाही कळलं नाही," रसिका म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ऐकायला जास्त कठीण गेलं. "मी रात्री वहीत कालची तेवढी ओळ पाहिली. म्हटलं, संध्याकाळी सहा वेळा हललंय, म्हणजे मलाच डुलकी लागली असेल. मी स्वतःच्या पोटावर नाही, तुमच्या खुणांवर विश्वास ठेवला."

माणूस घाबरला की त्याचं वय दिसतं. देवरुखकरांचं आता दिसलं. आतलं बाळ जेमतेम एक किलोचं, नुकत्या भुवया-पापण्या आलेलं, डोळे उघडायला शिकत असलेलं. हे सगळं त्यांना पुस्तकातून पाठ होतं. आणि ते आत काय करतंय याची मात्र काही म्हणता काही माहिती नव्हती. त्यांनी स्वतः फोन लावला.

"मॅडम, मघाशी सांगितलं ते खोटं होतं. हालचाल कालपासून नाही. डोकं दुखतंय, तोंड सुजलंय, डोळ्यांपुढे चमकतंय."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलणं पुरं करू दिलं नाही. "याच मिनिटाला निघा. मी दवाखान्यात येते."

आयडाबायने मासळीची टोपली शहाकाकांच्या दारासमोर तशीच सोडली आणि रसिकाला धरून खाली उतरवलं, आणि रिक्षात तीही सोबत बसली. कांदा-लसूणही न चालणाऱ्या त्या घरासमोर दोन किलो मांदेली तासन् तास उघडी पडून होती, पण त्या दिवशी शहाकाकांनी चकार शब्द काढला नाही.

दवाखान्यात रक्तदाब मोजला तो एकशे सत्तरच्या घरात. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवलं, इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. खरखर, नुसती खरखर. वासंतीबाईंनी पदर तोंडाशी धरला. मग घाईघाईने धावणारे ठोके ऐकू आले.

"ठोके आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इंजेक्शन देते, दाब उतरेल. पण बाळ हललं पाहिजे. तासभर बघू, नाहीतर मुंबईला मोठ्या हॉस्पिटलला हलवते. आत्ता बाहेर काढायची वेळ आली तर त्याची फुप्फुसं अजून कच्ची आहेत. उद्या आणलं असतंत, तर मी काय सांगणार होते कुणास ठाऊक."

सिस्टरने एक आखीव कागद आणि पेन आणून दिलं. हललं की खूण करायची. तिने कागद समोर उभ्या असलेल्या देवरुखकरांच्या हातात दिला, कारण चेहऱ्यावरून ते लिहिण्यातले वाटत होते.

रसिका डाव्या कुशीवर, हात पोटावर. दहा मिनिटं गेली, वीस गेली. कागद कोरा. देवरुखकर पेनाचं टोपण काढून बसले होते आणि तो रिकामा रकाना त्यांच्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रकाना रिकामा सोडला होता आणि तो भरावा म्हणून ते मनातल्या मनात हात जोडत होते.

"मघाशी हलल्यासारखं वाटलं," वासंतीबाई काकुळतीने म्हणाल्या. "करा हो एक खूण."

"वाटलं नको," देवरुखकर जवळजवळ ओरडले. "तिला कळू दे."

चाळीस मिनिटं झाली. बाहेर आयडाबायचं वॉचमनशी वाजलं. तो तिला आत सोडत नव्हता, वास येतो म्हणत होता. "वास येतो तर नाक धर! माजी पोर हाय आत!" असा तिचा चढा आवाज सगळ्या जिन्यात घुमला.

रसिकाने डोळे उघडले. पोटावरचा हात तिने दाबून धरला आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं.

देवरुखकरांचं पेन कागदाला टेकलं नाही. "नक्की?" त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचं भान नव्हतं. "रसिका, नक्की ना?"

रसिकाने हात पुढे करून त्यांच्याकडून आधी पेन घेतलं, मग कागद. रकान्यात एक खूण केली. त्यांच्याकडे पाहत थोडी थांबली, आणि पुन्हा पोटाला धक्का बसला तशी दुसरी केली.

"पुढचं मी लिहिते, बाबा," ती म्हणाली. "पोट माझं आहे."