मंगळवेढा गाड्यांचं वेळापत्रक

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आदिनाथ काळुंगे लॅब असिस्टंट आहे. मूळचा मंगळवेढ्याचा. गेली चौदा वर्षं दर जुलैत तो चाळीस कॉम्प्युटरांवर जावा घालतो, टॉमकॅट घालतो आणि नव्या पोरांना समजावतो, की आपलं वेब ॲप्लिकेशन जगाला दाखवण्याआधी आपल्याच मशीनवर चालवून बघायचं असतं, आणि त्यासाठी मशीनवरच टॉमकॅट हा छोटा सर्व्हर बसवायचा असतो. पोरं शिकतात आणि पुण्याला जातात.

त्याचा वर्गमित्र अमृतही असाच गेला. डिप्लोमाला दोघं एका बाकावर बसायचे, एकाच खोलीत राहायचे. मंगळवेढ्याच्या एसटी गाड्यांचं वेळापत्रक दाखवणारं ॲप्लिकेशन त्यांनी मिळून लिहिलं होतं. पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं दोघांनाही आलं. त्याच आठवड्यात आदिनाथच्या वडिलांचं एक अंग लुळं पडलं आणि त्याचं जाणं राहिलं. आधी दर रविवारी अमृतचा फोन यायचा, पुढं सणासुदीला, आणि गेल्या सहा वर्षांत तर एकही नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवायला तरी जाता आलं असतं, असं आदिनाथला वाटायचं.

यंदा लॅबचे जुने कॉम्प्युटर भंगारात काढायचं ठरलं. आदिनाथच्या टेबलावरच्या मशीनमध्ये ते वेळापत्रकाचं फोल्डर तसंच होतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने ते नव्या मशीनवर घेतलं आणि टॉमकॅट सुरू केलं. टॉमकॅटचं स्वतःचं पान उघडलं. त्यांचं ॲप्लिकेशन मात्र उघडेना, एररच्या ओळी तेवढ्या खाली सरकत राहिल्या.

कारण त्याला पहिल्या नजरेतच कळलं. टॉमकॅटच्या दहाव्या आवृत्तीपासून कोडमधलं एक नाव बदललंय. पूर्वी जिथं 'जावाएक्स' लिहायचे, तिथं आता 'जकार्ता' लिहावं लागतं. हे तो पोरांना दरवर्षी सांगतो. तरी त्याने मोबाइल काढला आणि अमृतला फोन लावला. आपलं जुनं ॲप्लिकेशन नव्या टॉमकॅटवर चालत नाही, काय करू, असं विचारलं.

अमृत म्हणाला, "ते अजून ठेवलंयस?"

"ठेवलंय की."

"मला न्हाय रे सांगता येणार आता. आठ वर्षं कोड लिहिलाच न्हाय, नुसत्या मीटिंगा. तूच सांग, काय दिसतंय पडद्यावर?"

अमृत सांगेल आणि आपण ऐकत बसू, एवढंच आदिनाथच्या मनात होतं. आता तोच एकेक ओळ वाचू लागला. अमृत हूं हूं करत होता. मध्येच त्याने वडिलांची चौकशी केली. ते जाऊन पाच वर्षं झाली, असं आदिनाथने सांगितलं.

"लई चुकलं माझं," अमृत म्हणाला. पुढं त्याची मीटिंग होती.

जुनं टॉमकॅट बसवलं असतं तर काम दहा मिनिटांचं होतं. आदिनाथने तसं केलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक फाइल उघडून तो हाताने नाव बदलत गेला. अमृतच्या फाइलींत जागोजागी टिपा होत्या: 'हितं आदिनाथला विचारणे'. तिथं आला की त्याचा हात थांबायचा. ती एकही टीप त्याने पुसली नाही.

आठवड्याने पान उघडलं. त्याचा फोटो त्याने अमृतला पाठवला. दिवाळीत येतो, बसून बघू, असं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दिवाळीत कंपनीने अमृतला बाहेर पाठवलं. त्या सुट्टीत आदिनाथ एकटाच मंगळवेढ्याच्या स्टँडवर गेला आणि फलकावरच्या नव्या वेळा कागदावर उतरवून घेऊन आला.

हल्ली महिन्यातून एकदा तरी दोघांचा फोन होतो. अमृत येतो म्हणतो, आदिनाथ ये म्हणतो.