गोदाअक्काच्या व्हॅनचे नवे ब्रेक

कावेरीच्या पुलावर मध्येच गोदाअक्का थांबली आणि म्हणाली, "आता निवली असेल का गं गाडी?"

"अजून अर्ध्या तासाची वाट आहे अक्का. पोचेपर्यंत नक्की निवेल."

"आणि निवल्यावर पुन्हा ओरडली तर?"

मी तिचा हात धरला आणि चालू लागले. पुढच्या सोसले गावात मठाजवळ झाडाखाली तिची शाळेची व्हॅन उभी करून आम्ही दोघी टी. नरसीपूरच्या संगमापर्यंत चालत गेलो होतो आणि आता परत निघालो होतो. संगमावर पाय धुतले, नरसिंहाच्या पाया पडलो. मी देवाकडे सहसा काही मागत नाही, मागायला संकोच वाटतो. त्या रविवारी मात्र मागितलं. ब्रेक पॅड म्हणजे काय ते देवाला कसं सांगायचं, पण मनातल्या मनात सांगितलं.

कारण सकाळभर चालवून ब्रेक गरम झाले तेव्हा त्यांचा आवाज बंद झाला होता. पण ते ओरडायचे थंड असताना, दिवसाच्या पहिल्या फेरीला, आणि पहिलं घर होतं हरिणीचं. तिचा मुलगा कार्तिकेय दुसरीत आहे. पालकांच्या ग्रुपवर हरिणीनं लिहिलं होतं की सोमवारी सकाळी पुन्हा तसाच आवाज आला तर आपण सगळेच दुसरी व्हॅन बघू. अकरा मुलं. गोदाअक्काला दुसरं कामच नाही, आणि दुसरं कुणी माणूसही नाही.

गोदाअक्का, म्हणजे गोदावरीबाई, इथल्या म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातली. तिचा पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत घोडेस्वार होता. नवऱ्याचं देवराज मोहल्ल्यात शिलाईचं दुकान होतं. तो गेला तेव्हा ही एकोणचाळीस वर्षांची. मशीनवर बसून पाहिलं, पाठ धरली, जमेना. मग एके दिवशी ड्रायव्हिंग शिकायला गेली. मोहल्ल्यातले शिंपी तेव्हा फार हसले म्हणे. पंधरा वर्षं झाली त्याला. हसणाऱ्यांपैकी दोघांच्या नाती तिच्याच व्हॅनमधून शाळेत गेल्या.

माझी मुलगी चैत्रालीही गेली. नवऱ्याच्या, मिलिंदच्या नोकरीमुळे आम्ही साताऱ्याहून इथं आलो तेव्हा मला कन्नड येत नव्हतं आणि इंग्रजीची भीती वाटायची. पहिल्याच सकाळी व्हॅनच्या खिडकीतून एक बाई म्हणाली, "काय गं, पोरगीला डबा दिलीस की नाही?" तिचं मराठी ऐकून मला हसू आलं आणि रडूही आलं. चैत्राली आता पुण्याला शिकते, पण गोदाअक्काची नि माझी मैत्री राहिली.

तर ते ब्रेक. दसऱ्याच्या आधी पुढच्या चाकांच्या डिस्क, म्हणजे ब्रेक ज्यांना पकडतो त्या लोखंडी चकत्या, झिजल्या म्हणून बिंदुमाधवनं त्या बदलल्या आणि त्यांना दाबणारे पॅडही नवे घातले. बिंदुमाधव हा तिचा मेकॅनिक, पन्नाशीचा, फार कमी बोलणारा. तो म्हणाला, "अक्का, सुट्टी संपून शाळा उघडायच्या आधी एकदा आण. मोकळ्या रस्त्यावर नेऊन ब्रेक बसवून घेऊ." ही हो म्हणाली आणि विसरली, कारण मध्ये आयुधपूजा आली.

आयुधपूजेला इथं सगळी गाडी धुऊन गंध-कुंकू लावतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. गोदाअक्काच्या घरी त्याच्या आधी पणजोबाची तलवार निघते. तिच्या पात्याला तिळाचं तेल पुसायचं आणि तेलावर कुंकवाचं बोट ओढायचं, ही त्यांची रीत. तलवारीची पूजा झाली आणि अक्का व्हॅनपाशी आली. चाकाच्या भोकांतून नवी डिस्क लखलखत होती.

"नोडु सिंधू," ती म्हणाली, म्हणजे बघ. "पात्यासारखंच की नाही? माझी तलवार हीच आता."

झालं. चाकाच्या भोकातून बोट घालून तिनं डिस्कला तेल लावलं, त्यावर कुंकू. मी गाडी थोडी पुढं ढकलायची, मग पुढच्या भोकातून पुन्हा. दोन्ही चाकं अशी सजवली. तेलाची वाटी माझ्याच हातात होती. दोघींनाही फार छान वाटलं.

शाळा उघडली आणि पहिल्याच सकाळी हरिणीच्या दारात व्हॅन अशी किंचाळली की समोरच्या घरातला म्हातारा बाहेर आला. मग रोजच. मुलं कानावर हात ठेवून खिदळायची. पालक मात्र हसले नाहीत. अक्का तडक गॅरेजात गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर बिंदुमाधवला म्हणाली, "नकली पॅड घातलास तू! बाई बघून फसवलास!" तो नुसता हात पुसत राहिला. असं ती तीनदा जाऊन बोलली. हरिणीचा निरोप आला त्यानंतर शनिवारी तो आपणहून घरी आला, जॅक लावला, चाक काढलं.

पॅडच्या कडेला लालसर चिकट रेघ होती. त्यानं ती बोटावर घेतली, वास घेतला.

"एळ्ळेण्णे," तो म्हणाला. तिळाचं तेल.

अक्का माझ्याकडे बघेना. मी चपलेकडे बघत राहिले. मग मीच सगळं सांगितलं. त्यानं ओरडावं असं वाटत होतं, पण तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "ब्रेकला तेल लावून मुलं नेलीस अक्का. वेळेला लागला नसता म्हणजे?"

ती मटकन पायरीवर बसली. मीही तिच्या शेजारी बसले. आवाजाचं घेऊन बसलो होतो आम्ही, आणि हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तेल पॅडमध्ये मुरलं असतं तर ते फेकावे लागले असते, पण थोडक्यात निभावलं होतं. त्यानं डिस्क साफ करायच्या औषधानं स्वच्छ पुसल्या, पॅड पॉलिश पेपरवर घासले आणि ब्रेक बसवणं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. नव्या पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढावा लागतो. साठाच्या वेगावरून दहापर्यंत ब्रेक दाबत यायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं वीस वेळा. मध्ये न दाबता जरा पळवून हवा लागू द्यायची. गरम असताना थांबून पाय ब्रेकवर ठेवला तर त्याच जागी डाग बसतो आणि मग गाडी थरथरते. शेवटी उभी करून पुरती निवू द्यायची. हँडब्रेक मागच्या चाकांचा, तो ओढला तर चालतो.

"मी येतो बरोबर," तो म्हणाला.

"बेडा," अक्का म्हणाली. नको. "सिंधू येते." तिला त्याच्या शेजारी बसायची लाज वाटत होती, एवढं मला कळलं.

म्हणून रविवारी उजाडताच आम्ही नरसीपूरच्या रस्त्याला लागलो. वीस मोजायचे म्हणून मी जपाची तुळशीची माळ घेतली. अक्का साठावर न्यायची, मागं कुणी नाही असं आरशात बघायची आणि ब्रेक दाबायची. मी पुढं झुकायची आणि एक मणी सरकवायची. सातव्या-आठव्याला एक मोटारसायकलवाला शेजारी आला आणि कन्नडमध्ये ओरडला, "आजी, गाडी शिकताय का?"

"हौदप्पा!" अक्का म्हणाली. हो रे बाबा. "तुझ्या लग्नात चालवायची आहे ना!"

तेराव्याला जळका वास आला आणि तिचा चेहरा उतरला. नव्या पॅडचा वास येणार हे बिंदुमाधवनं सांगून ठेवलं होतं, त्याची मी तिला आठवण दिली. सोळाव्याला आवाज बारीक झाला. विसाव्याला नुसता वाऱ्याचा आवाज उरला. पूल ओलांडून, ब्रेकला फारसा पाय न लावता, आम्ही सोसल्यापर्यंत गेलो.

आणि आता चालत परत येत होतो. पुलावरून उतरल्यावर अक्का रस्त्याकडेनं चालू लागली. मग म्हणाली, "आजोबा सांगायचे, पूर्वी तलवारीला पहिलं बोट आम्ही लावत नव्हतो. धार लावणारा शिकलगार यायचा. तो पातं बघायचा, पुसायचा, कुंकू त्याच्या हातचं. मग घरातले. शिकलगार मेला, नंतर कुणी बोलावलंच नाही."

"तुम्ही पाहिलात त्याला?"

"नाही गं. ऐकलेलं." थोडं चालून पुन्हा म्हणाली, "आणि मी नकली म्हणाले त्याला. चार लोकांसमोर."

सोसल्याला पोचलो. मी वाकून चाकाच्या भोकाजवळ हात नेला, ऊब नव्हती. अक्कानं कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि गाडी सुरू केली. मठाच्या भिंतीला लागून थोडी पुढं नेली. मला म्हणाली, "तू डोळे मिटू नको, मलाच भीती वाटते." आणि ब्रेक दाबला.

व्हॅन थांबली. कुठं तरी कावळा ओरडत होता, तेवढंच ऐकू आलं.

पुन्हा नेली, पुन्हा दाबला. काही नाही. अक्कानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि खांदे हलायला लागले. रडते असं वाटून मी पाठीवर हात ठेवला तर बाई हसत होती. "वाटी तू धरलीस," ती म्हणाली, "अर्धं पाप तुझं!" येताना टोमॅटो घातलेला भात बांधून आणला होता, तो तिथंच बसून दोघींनी संपवला. त्या आठवड्यात तिला पहिल्यांदा पोटभर खाताना पाहिलं.

सोमवारी मी मुद्दाम पहिल्या फेरीला बरोबर गेले. हरिणी दारातच उभी होती, हाताची घडी घालून. व्हॅन येऊन तिच्यासमोर थांबली, मांजर येऊन बसावं तशी. कार्तिकेय कानावर हात ठेवूनच उभा होता, त्यानं ते हळूच काढले. अक्का खाली उतरली आणि हरिणीला काय झालं होतं ते सगळं सांगितलं, तेलासकट. लपवायला हवं होतं असं मला वाटलं, पण तिनं सांगितलं. हरिणी ऐकत राहिली. मग तिनं कार्तिकेयची बॅग आत ठेवली, दार ओढलं आणि म्हणाली, "आयतु, अक्का. उशीर होतोय." ठीक आहे, एवढंच. दुपारपर्यंत ग्रुपवर दुसऱ्या व्हॅनचा विषय कुणी काढला नाही.

दुपारी अक्का माझ्याकडे आली. पाणी प्यायली, चहा नको म्हणाली. पदराशी चाळा करत बसली.

"बिंदुमाधवकडे जाशील का?" तिनं विचारलं. "मी गेले तर माझ्या तोंडून नीट काही निघायचं नाही. पॅड चांगले होते म्हणून सांग. आणि त्याला म्हण, पुढच्या आयुधपूजेला आधी आमच्या घरी ये. तलवारीला आणि व्हॅनला पहिलं कुंकू तुझ्या हातचं. कुठं लावायचं, ते तूच दाखव."